सुनीतानं पाठवलेलं रोप

गुरुवार, संध्याकाळ. नांदेड.

सुनीताची आई, शांतामावशी, आज किनवटहून कॉलेजात आल्या होत्या. पोरीनं वारण्याआधी आफ्रिकेतून पाठवलेलं रोप त्यांना बघायचं होतं. सुनीताला वनस्पतिशास्त्र मी शिकवलं, तिकडच्या डोंगरांत संशोधनाला जा म्हणून मागेही मीच लागले. वर्षाच्या आत तापानं गेली. तिच्या आईला तोंड कसं दाखवू, सकाळपासून हेच डोक्यात.

कपाटातून कागद काढला. त्यावर चिकटवलेलं वाळकं रोप, जमिनीलगत सरपटत जाणारं, पेरापेराला बारीक मुळं फुटलेली. मावशींनी त्या मुळांवर बोट ठेवलं. खरं तर हात लावायचा नसतो. मी लावू दिला.

"वल्या जागेतलं हाय हे," त्या म्हणाल्या. "चिखलात उभी राहिली असंल पोरगी."

डोंगरउतारावरची पाणथळ जागा, असंच सुनीतानं खाली लिहिलंय. मी वाचून दाखवलं. मावशी पुन्हा त्या मुळांवरून बोट फिरवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मॅडम, तिथं खूश होती का ती?"

हो म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. काय बिघडलं असतं? पण खरं तेच सांगितलं. "सुरुवातीला फार एकटी पडली होती. मला फोन करून रडायची. मग रमली."

आता मावशी शिव्या घालतील म्हणून मी मान खाली घालून बसले.

"मला नुसतं मजेत हाय म्हणायची," त्या म्हणाल्या. "कुणापाशी तरी रडली. बरं झालं."