समोरच्या घराचा डबा

सुनेत्रा,

मी आळीच्या विहिरीवर आहे. आमटी उतरवून ठेवली आहे, गॅस बंद केल्याचं दोनदा बघितलं.

तू बाजारात गेलीस आणि समोरचा सलिल आला. विहिरीवर स्लॅब टाकू नये, आधी गाळ काढून जाळी बसवावी, असं मी त्याच्याविरुद्ध ग्रुपवर लिहिल्यापासून त्याने काहीच उत्तर दिलं नव्हतं. तो रागावला असं धरून मी मागच्या दाराने मांडवीला फिरायला जात होतो, आणि "फार लिहिलं का गं?" विचारून तुझं डोकं खात होतो.

तो म्हणाला, "काका, घर समोर असताना ग्रुपवर काय उत्तर देऊ? आणि तुमचा निबंध वाचायलाच दोन दिवस गेले."

मग म्हणाला, "मी अजून स्लॅबवालाच आहे हां. कठडा ढासळलाय नि आमची ओवी चालायला लागलीय. पण गाळ काढायला गडी बोलावलेत. पाणी बघायला चला, मग भांडू."

मी पाण्याचा विचार केला होता, ओवीचा नाही. कदाचित त्याचंच बरोबर असेल. पण तो रागावलेला नाही, सुनेत्रा.

त्यांचा डबा मी तुला परत देऊ देत नव्हतो, मनधरणी करतोय असं वाटेल म्हणून. आज देऊन ये. रिकामा नको, बेसनाचे लाडू घाल.

पुढच्या दाराला नुसती कडी आहे. मी तिथूनच गेलो.

गोपाळ