मांडीतल्या सळईवर नाव

दवाखाना, उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२६

मी पडले असं फुलंब्रीत कोण सांगत सुटलंय? मी गॅसपाशी उभी होते. हाड आधी मोडलं, मंग मी बसले. पडणं वायलं.

चि. सत्यमला आजीचे आशीर्वाद. फोनवर बोललं की अख्खा वॉर्ड कान लावतो, म्हणून तुझ्या बहिणीच्या, निशाच्या, डब्यातून चिठ्ठी धाडते.

डॉक्टर म्हणतो, हाडाला आतून सूज येते अन् ते भुसभुशीत होतं, हा रोग लाखात एकाला. लाखात त्याला आमचंच घर गावलं. आता मांडीत स्टीलची सळई घालणार. घाल म्हणलं, पण आधी तिच्यावर नाव घाल. आपल्या घरात बिननावाचं भांडं नाय. तुझ्या चुलत्याच्या, सुदर्शनच्या, लग्नात एक बिननावाची परात गेली अन् पातळ पत्र्याची परत आली, इसरलास का? इथं तर सळया रोज येतात. तू कारखान्यात लोखंडावर कोरतोस, तूच कोरून आण. तोवर ऑपरेशनच्या कागदावर सही नाय.

जीव असंल तर येशीलच,
मनकर्णाबाई

वाळूज, १० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

डॉक्टरांना विचारलं. ते हसले, मी हसत नाही बघून थांबले. सळई बंद पाकिटात येते, बाहेरचा हात लागला की बाद. वर कोरलं की ती नेमकी तिथंच मोडते, हे मी रोज बघतो. तिच्यावर कंपनीचा नंबर आहेच. गुरुवारी ऑपरेशन झालं नाही तर तू पुन्हा उभी राहणार नाहीस, असं ते स्पष्ट म्हणाले. मांडीतून कोण चोरणार आहे, आजी?

माझ्यावरचा राग राहू दे, सही कर.
तुझा सत्यम

दवाखाना, १४ फेब्रुवारी

नंबर कैद्याला असतो.

चि. सत्यमला आशीर्वाद. चोरीचं कोण बोललं? मला जाळल्यावर राखेत सळई निघंल. बिननावाची बघून कुणाचं तरी भंगार म्हणून फेकून द्याल.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आला, चुकीचा पाय नको म्हणून मांडीवर पेनानं बाण काढला. म्हणलं, पेन हातात हायेच तर नाव लिही. लिहिलं गपगुमान. मनकर्णाबाई सांडू, खाली तारीख, त्याखाली ‘सत्यमकडून भेट’. मंग मी सही केली. टाके नेमके तुझ्या नावावर पडलेत.

आज वॉकर धरून उभी राहिले. लई दुखतं. शाई चार अंघोळीत जाईल, म्हणून सळईचा नंबर तू पाठ कर.

दुधाचा चहा अन् तुझं येणं, दोन्ही बंद पडू देऊ नको.

पाठ झाला का, ते तूच लिहायचं. तुझ्या बापाला लिहू द्यायचं नाय. मी पडले म्हणून फुलंब्रीत त्यानंच सांगितलंय.

मनकर्णाबाई