मान खाली घालून वाढलं

लातूर, उन्हाळा १९४८

गंगाक्का,

तुझा पत्ता ठाऊक न्हाई, म्हणूनच लिहायचा धीर झाला.

गावं जळाली अन् माणसं लातुरात आली, तवा मी घरोघरी जवारी मागून मठात त्यांच्यासाठी आंबील चालू केली. नियम माझाच होता: वाढताना कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, घेणाऱ्याला लाज वाटते.

तू निघून गेलीस, अन् आता मी सगळ्यांना सांगते, त्या नियमापायी सख्खी बहीण ओळखली न्हाई. लोक हळहळतात.

अक्का, तुझ्या मनगटावरचं गोंदण मी पहिल्याच दिवशी ओळखलं. जन्मदात्या अण्णांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलंस, तो राग धरून मान वर केली न्हाई.

तिसऱ्या दिवशी वाटी पुढं करत तू हळूच म्हणालीस, "शिवू."

मी म्हणाले, "बाई, पुढं सरका."

तुझी म्हणवत न्हाई,
शिवकांता