घास हातात धरून थांबणारी मंजू

८ ऑगस्ट २०१७, मंगळवार

आज डहाणूला आम्हा अंगणवाडीवाल्यांना मुलांच्या मेंदूच्या आजारांचं ट्रेनिंग होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोर मधेच थांबतं, टक लावून बघतं, हाकेला ओ देत नाही, तर ती फिट, म्हणजे आकडीही असू शकते. नाटक समजू नका."

माझ्या अंगणवाडीतली मंजू अशीच घास हातात धरून थांबते. आणि मी धपाटा घालते. मुद्दाम करणारी पोर हातातला घास असा धरून ठेवील का? एवढंही दिसलं नाही मला?

शेजारी बसलेली सुमन कुजबुजली, "आपण पोरांना मारतो ते बोलू नको हां." नाही बोलले. भ्यायले.

उद्या मंजूच्या आईला सांगणार, दवाखान्यात ने, मारू नको. ती म्हणेल, "बाई, मारत तर तुम्हीच होता." म्हणू दे.