सत्तावीस नंबरची बाई

१६ जानेवारी १९९८
नसबंदीच्या शिबिरात बेचाळीस केसेस. टार्गेट पूर्ण. उभं राहून पायांचे तुकडे पडलेत. पण एक घोळ झाला.

तळेघरकडच्या बाया जीपनं आल्या होत्या. सत्तावीस नंबर ठकूबाई, तीन पोरांची आई. ती तान्ह्याला पाजायला बाहेर गेली. तिच्या जागेवर तिची धाकटी जाऊ भागू आडवी झालेली — वय एकोणीस, लग्नाला सहा महिने, नुसती बाळ धरायला आलेली. तिला गाडी लागली होती. सिस्टरनं नवऱ्याचं नाव विचारलं. डोंगरातली नवी सून नवऱ्याचं नाव घेते होय? तोंडावर पदर! गाव एक, आडनाव एक. कपाळाला चिकटपट्टी, तिच्यावर २७, आणि इंजेक्शन. तिला वाटलं, ओकारीचं. नळ्या मी बांधल्या.

सासूला सांगितलं, सुनेच्या पोटात गाठ होती, काढली. म्हातारीनं माझे पाय धरले.

२३ जानेवारी
डॉ. साधना — माझ्या हाताखालची, नोकरीला वर्ष नाही झालं — भागूचे टाके काढून आली ती रडतच. "सर, तिला खरं सांगू या. नळ्या पुन्हा जोडून बघता येतील." मी म्हटलं, आधी चहा घे. रडणारी माणसं मला आवडत नाहीत. डॉक्टर तर मुळीच नाही.

४ फेब्रुवारी
साधनाबाईनं शिबिराच्या रजिस्टरची झेरॉक्स जिल्ह्याला पाठवली! सोबत माझ्याविरुद्ध तीन पानी पत्र.

५ फेब्रुवारी
जुन्नरला वकील दादाभाऊंकडे. वरिष्ठाची चूक कळवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं काही संरक्षण आहे का, विचारलं. ते हसायलाच लागले. "न्हाई हो साहेब. तसा कायदाच न्हाई. उलट हापिसचा कागद परवानगीबिगर बाहेर दिला, म्हणून तीच अडकती." येताना पेढे घेतले.

२२ एप्रिल
चौकशी. भागूला साक्षीला बोलावलं होतं. साधनानं तिचा हात धरून विचारलं, काय झालं ते सांग. भागू खाली बघत म्हणाली, "गाठ व्हती. डाक्टरसायबांनी काढली. ह्या बाई काय म्हणत्यात, मला ठावं नाय." तपासून घ्यायलाही ना म्हणाली. संपलं.

साधनाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मजा आली, खोटं कशाला लिहू.

३० एप्रिल
साधना निलंबित. खोटी तक्रार आणि कागद बाहेर देणं, दोन्ही कलमं लागली. एसटीपर्यंत ट्रंक स्वतःच उचलून नेली तिनं. शिपाई मदतीला निघाला होता, मी त्याला आत बोलावून घेतलं.

११ सप्टेंबर १९९९
भागू दर महिन्याला येते. "मूल व्हायचं औशद द्या." मी लोहाच्या लाल गोळ्या देतो. रक्त तरी वाढेल. सिस्टरला हसू आवरत नाही, पण तिलाही नोकरी आहे.

३ मे २०००
भागूच्या नवऱ्यानं, हौशीरामनं, दुसरी बायको आणली. सासू अंबाबाई दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "वांझ पदरात पडली, काय करावं." मी मान हलवली. आता गोळ्या न्यायला कोणी येणार नाही. बरं झालं, साठा संपतच आलाय.

८ मे
भागू आली. गोळ्या मागितल्या नाहीत.

"साधनाबाईंनी टाकं काढतानाच मला समदं सांगितलं व्हतं. तवा बोलले असते तर घरातनं काढलं असतं. तुमच्या गोळ्या सासूला दाखवायला नेत व्हते. आता सवत आली, मला घरातनं काढलंच. माझ्यापायी बाईंची नोकरी गेली, सायेब. उद्या मी आन् साधनाबाई पुण्याला, जिल्ह्याच्या सायबांकडं चाललोय. आता काय तपासायचं ते तपासू द्या."

मी म्हटलं, बस. ती बसली नाही.