टोपी आणि काटेरी बेडूक

प्रिय चिमणे,

पार्सलमध्ये तुझा गेम आहे. तो सुरू करायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी त्यात एक घोळ घालून ठेवलाय आणि तो काही केल्या निस्तरत नाहीये. तीन आठवडे माझं कामात लक्ष नाही. काल एका कपाटाचं दार उलटं बसवलं. गिऱ्हाईक हसलं, मला हसू आलं नाही.

तू हॉस्टेलला गेलीस आणि गेम टेबलाच्या खणात राहिला. दर रविवारी तुझा फोन येतो. आईशी अर्धा तास बोलतेस, मग फोन माझ्या हातात येतो आणि तू म्हणतेस, 'हो काका', 'नाही काका', 'बरं काका'. मी या घरात आलो तेव्हापासून, दहा वर्षं, हेच. वाटलं, हा खेळ शिकावा, बोलायला काहीतरी विषय होईल. म्हणून वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसायला लागलो. बोटांना सरस चिकटलेला, आणि ती एवढीएवढीशी बटणं! रानातल्या मॉन्स्टरला आधी चोप द्यायचा आणि मग 'आमच्यात ये' म्हणून त्याच्याच पाया पडायचं, हे कुठलं शहाणपण? एक काटेरी बेडूक माझ्याकडचं सगळं खाणं फस्त करून नऊ वेळा पळाला, दहाव्यांदा आला. लग्नासाठीसुद्धा मी कुणाच्या एवढ्या मिनतवाऱ्या केल्या नव्हत्या. तुझी आई म्हणते, केल्या होत्या.

पुढे मनोऱ्यातल्या दगडी बैलानं मला चौदा वेळा लोळवलं. शेवटी चिडून मी तू जमवलेले सगळे मॉन्स्टर धुंडाळले. अगदी तळाशी एक होता, टोपी नावाचा. गोल, मऊ, तिसऱ्या लेव्हलचा, एकाही लढाईत न उतरवलेला. माझी खोड तुला माहीत आहे. वीतभर फळीसुद्धा मी टाकत नाही. दोन तुकडे सांधले की एक स्टूल होतं, तुझं अभ्यासाचं टेबलही तसंच झालंय. खेळातली म्हातारी म्हणाली, इथेही दोघांना सांधून तिसरा करता येतो. मग काय, टोपी आणि बेडूक सांधले. दोघे गेले, तिसरा आला, आणि त्यानं बैलाला दोन फटक्यांत आडवा केला. खरं सांगतो, मी वर्कशॉपमध्ये नाचलो.

संध्याकाळी चहा घेताना आईपुढे बढाई मारली. तिनं कप खाली ठेवला. मग तिनं सांगितलं, की टोपी हा तुझ्या बाबांनी पकडलेला शेवटचा. दवाखान्यातल्या पलंगावर तू त्यांना चिकटून बसलेली, आणि त्यांच्या केस गेलेल्या डोक्यावर लोकरीची टोपी. नाव तू ठेवलंस. त्याला काही होऊ नये म्हणून त्याला कधी लढायला पाठवलं नाहीस. सात वर्षांची होतीस तू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मी तरी कधी विचारलं होतं? तेच जास्त लागलं.

खेळ आपला आपणच सेव्ह होतो, मागे जाता येत नाही. मग त्याच जातीचा दुसरा शोधायला लागलो. रोज नकार, रोज मी स्वतःला शिव्या घालत घरी. अखेर परवा एक आला. तसाच गोल, तसाच मऊ. 'नाव काय ठेवायचं?' असं स्क्रीनवर आलं. मी 'टोपी' लिहिलं. तिसऱ्या लेव्हलवर आणून तळाशी ठेवला असता, तर तुला जन्मात कळलं नसतं. पण आत भुसा भरून वर चांगल्या लाकडाची पट्टी डकवणारे सुतार मी पाहिलेत. त्यांच्या हाताखाली मी महिनाभरही टिकलो नव्हतो. लिहिलेलं खोडलं आणि गेम बंद केला.

म्हणून हे पत्र. नवा अजून बिननावाचाच आहे, त्याचं काय ते तू बघ. सांधलेल्याला टोपीची एक विद्या येते, जखमी सोबत्याला फुंकर घालायची. पण तो टोपी नाही, एवढं मला कळतं. चुकलो मी. रविवारी फोन करशील, तेव्हा आधी मला मागून घे. दहा वर्षांत तू माझ्यावर एकदाही ओरडली नाहीस. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही. या वेळी ओरड. तोंडाला येईल ते बोल, फक्त 'बरं काका' म्हणू नकोस.

तुझाच,
घोळ घातलेला काका