तुझ्या जावयाच्या मेंदूतल्या रेघा

आई, तुझ्या जावयाची वाचा गेली. इथे कुवेतमध्ये, अर्दियाच्या गोदामात कामावर असताना पक्षाघाताचा झटका आला आणि उभ्या उभ्या कोसळला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. राहिलंय फक्त "हो ना". चहा हवा का? हो ना. नको का? हो ना. तुझ्या विहीणबाई फोनवर त्याच्याशी तासभर बोलतात आणि मग मला म्हणतात, "आज किती छान बोलला गं!" काय सांगू त्यांना?

तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून नारळ खवता खवता हाच माणूस तुझं डोकं खायचा, आठवतं? तू घावने घालतेयस, धूर झालाय, आणि हा कुवेतच्या उन्हापासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळ्यावर बोलतोय. मी वैतागून म्हटलं, "याच्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावा गं." तू कालथा उगारलास माझ्यावर. "जीभ झडो तुझी! तुझ्या बापाने जन्मभर 'हुं'च्या पुढे शब्द काढला नाही. बोलणारा नवरा मिळालाय, गप ऐक." मी नुसती हसले. त्या दिवशी तो नेमकं काय सांगत होता, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

मी जिथे एमआरआय काढते त्याच हॉस्पिटलातले एक इजिप्तचे डॉक्टर सुयांचा उपचार करून बघतायत. हातापायाला बारीक सुया टोचतात, त्यांना चिमट्यांनी वायरी लावतात आणि एका छोट्या डब्यातून करंट सोडतात. पहिल्याच दिवशी त्याचं बोट टुणकन उडालं. मी ओरडलेच, "हलवलं! बाबाने बोट हलवलं!" तुझी नात शेजारी उभी होती. इथेच जन्मलेली पोर, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत बोलते. शांतपणे म्हणाली, "मम्मा, दॅट्स द करंट. नॉट बाबा." अश्शी एक ठेवून द्यावीशी वाटली तिला. पण खरंच होतं ते. डबा बंद केला आणि बोट पडलं.

सुयांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मेंदूचं चित्र काढायचं ठरलं होतं. या तपासणीत पेशंटने काहीच करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं. मेंदूच्या ज्या भागांतली हालचाल बरोबरीने चढते-उतरते ते एकमेकांशी जोडलेले समजायचे, आणि ती जोडणी पडद्यावर रेघांनी दिसते. मशीनवर माझा केरळचा सहकारी बसला आणि माइक त्याने माझ्यापुढे सरकवला. "तुम बोलो दीदी, तुम्हारा आवाज पहचानेगा." मी रोज सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. हलू नकोस, डोळे उघडे ठेव, कशाचाही विचार करू नकोस. आतून आवाज आला, "हो ना."

दुसऱ्या चित्रात बोलण्याच्या भागाकडे जाणाऱ्या रेघा दाट झालेल्या दिसल्या. मी लगेच विचारलं, "म्हणजे आता बोलेल?" डॉक्टर म्हणाले, "श्वय श्वय, जरा हळूहळू घ्या. जोडणी वाढलेली दिसतेय, पण ती सुयांमुळेच वाढली असं म्हणता येत नाही. एकाच माणसाचं चित्रसुद्धा रोज थोडं बदलतं. आणि रेघा आल्या म्हणजे बोलणं आलंच असं नाही." मला हे माहीत नाही का? इतर पेशंटांच्या बायकांना मीच तर सांगते, फार आशा धरू नका म्हणून. तरी हवल्लीला घरी आल्या आल्या त्याच्यापुढे बसले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "माझं नाव सांग. एकदाच." त्याने तोंड उघडलं. ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. "हो ना," म्हणाला. आणि आपण चुकीचं बोललो हे त्याला कळलं, आई. ते मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग मी उठून कुकर लावला, दुसरं करणार तरी काय?

तू गेल्यावर हे तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? लिहिलं, झालं. आता पुढच्या महिन्यात पुन्हा चित्र काढायचंय. घरात सगळ्यांना वाटतं मी रेघांची वाट बघतेय. खरं तुला सांगते. तो मशीनच्या आत असतो ना, तेवढा वेळ मला बरं वाटतं. तिथे कुणीच बोलायचं नसतं.